रानातलं एक लहानसं चर्च आणि चार शतकांचा वाद (कास्तेलसेप्रिओ, इटली)

ओलोनाकाठी (धागालेखक)

मिलानच्या वायव्येला साधारण पन्नास किलोमीटरवर, ओलोना नदीच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला कास्तेलसेप्रिओ आहे. लोंबार्दीत राहणारी आपली बरीच मंडळी माल्पेन्सा विमानतळावर जाता-येता या भागातूनच जातात, पण तिथे मुद्दाम थांबलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही. म्हणून हा धागा.

आधी जागेबद्दल. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात आल्प्सकडून येणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला इथे लष्करी ठाणं होतं. ५६८ मध्ये लोंबार्द टोळ्या इटलीत उतरल्या आणि त्यांनी ते आपलंसं केलं. त्यांचा शेवटचा राजा देसिदेरियुस, त्याच्या काळात इथे सोन्याची नाणी पाडली जात. ७७४ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने त्याला हरवलं, त्यानंतर या मुलखाचा काउंट इथूनच कारभार पाहू लागला. थोडक्यात, हे आडगाव नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१२८७ मध्ये मिलानचा आर्चबिशप ओत्तोने विस्कोन्ती याने देल्ला तोर्रे घराण्याशी चाललेल्या भांडणात हे ठाणं पाडून टाकलं आणि इथे पुन्हा कुणी वस्ती करायची नाही असा हुकूम काढला. आर्चबिशपांचे बरेच हुकूम कागदावरच राहिले असतील, हा मात्र पाळला गेला. आज तटाच्या आत झाडी आहे. सान जोव्हान्नीच्या बॅसिलिकाच्या उभ्या भिंती, शेजारी अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचे अवशेष, बाकी दगडांचे ढिगारे.

आपलं चर्च तटाच्या बाहेर, म्हणून वाचलं. नावच सान्ता मारिया फोरिस पोर्तास, वेशीबाहेरची मारिया. बाहेरून पाहिलंत तर गाडी वळवून परत जाल. नदीतले गोटे, ओबडधोबड दगड, जिथे मिळाल्या तिथे जुन्या विटा, वर कौलं. आराखडा मात्र साधा नाही. मध्ये एक आयताकृती दालन आणि त्याच्या पूर्व, उत्तर, दक्षिण अशा तीन बाजूंना तीन अर्धवर्तुळाकार गाभारे (इकडे त्यांना आब्सिदे म्हणतात, इंग्रजीत अॅप्स). पश्चिमेला प्रवेशाचं वेगळं दालन. पूर्वेच्या गाभाऱ्यात जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडी फरशीचे तुकडे अजून आहेत.

आणि त्याच गाभाऱ्याच्या भिंतीवर चित्रं आहेत.

ती सापडली ७ मे १९४४ ला. जान पिएरो बोन्येत्ती नावाचे कायद्याच्या इतिहासाचे प्राध्यापक लोंबार्दांचा माग काढत इथे आले होते. नंतरच्या काळातल्या गिलाव्याखाली जुना रंग आहे हे त्यांच्या लक्षात आलं. तारीख पुन्हा वाचा. उत्तर इटली जर्मनांच्या ताब्यात, रोम अजून सुटलेलं नाही. दोनच महिने आधी, ११ मार्चला, पादोव्हातल्या एरेमितानी चर्चवर बॉम्ब पडून मान्तेन्याने रंगवलेल्या ओव्हेतारी चॅपलचा चुराडा झाला होता. इटलीत भित्तिचित्रं नष्ट होण्याच्या त्या वर्षात ही चित्रं वर आली.

विषय आहे येशूचा जन्म आणि बालपण. देवदूत मारियाला निरोप देतो तेव्हा ती बसून सूत कातते आहे, बाजूला दासी. मग एलिझाबेथची भेट. मग पाण्याची परीक्षा. मग झोपलेल्या योसेफाला स्वप्नात देवदूत. मग गाढवावरून बेथलेहेमची वाट. खालच्या पट्ट्यात जन्म, तीन ज्ञानी राजे, देवळात बाळाला नेणं. वर मध्यभागी गोल चौकटीत दाढीवाला ख्रिस्त. काही प्रसंग अर्धेमुर्धे गेलेत, रंगही उतरलेत.

पण जे उरलंय ते पाहून मी अवाक झालो. त्या काळातली युरोपातली चित्रं म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या समोर तोंड करून ताठ उभ्या आकृत्या, मोठाले डोळे, इस्त्री केल्यासारख्या सरळ चुण्या. इथे योसेफ आडवा झोपलाय तर शरीराचा भार खाली टेकलेला कळतो. गाढवाचे पाय खरोखर चालतात. कपडा अंगावरून घसरतो. उजेड कुठून येतो ते पांढऱ्या रंगाच्या चार फटकाऱ्यांत दाखवलंय आणि ते फटकारे इतके बेधडक आहेत की चित्रकाराचा हात किती भरभर चालत असेल ते दिसतं. रोमन काळातली चित्रविद्या ज्याच्या हातात शाबूत होती असा कुणीतरी इथे आला, रंगवून गेला, आणि त्या हाताचं दुसरं काम आजवर कुठे सापडलेलं नाही.

भिंत बांधणारा गवंडी इथलाच, मिळेल ते दगड रचणारा. भिंत रंगवणारा वेगळ्याच जगातला. या दोघांना एका छपराखाली कुणी आणलं, हा माझ्या मते या जागेचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर अडलंय तारखेपाशी, कारण चित्रं कधीची यावर सहाव्यापासून दहाव्या शतकापर्यंत मतं आहेत.

लिहा, काय वाटतं ते.

खादाडखाऊ

मस्त लेख. फोटो कुठायत?

ओलोनाकाठी

आत उजेड कमी आणि माझे फोनवरचे फोटो वाईट. नेटवर चांगले मिळतील, गाढवाचा जरूर पाहा.

पैठणची_पोर

सुंदर ओळख. पाण्याची परीक्षा म्हणजे काय? सीतेची अग्निपरीक्षा तसंच का? बायबलमध्ये असं काही वाचल्याचं आठवत नाही. (कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली आहेत हो.)

ओलोनाकाठी

ताई, बायबलमध्ये नाहीच, म्हणून आठवत नाही. दुसऱ्या शतकातलं ‘याकोबाचं आद्यशुभवर्तमान’ नावाचं पुस्तक आहे. चर्चने ते अधिकृत ग्रंथांत घेतलं नाही, पण चित्रकारांनी मात्र शेकडो वर्षं त्यातूनच गोष्टी उचलल्या. मारिया सूत कातते ती गोष्टही त्यातलीच, देवळाच्या पडद्यासाठी जांभळा धागा तिच्या वाट्याला आला होता.

परीक्षा अशी. मारिया गरोदर आहे हे कळल्यावर देवळाचा पुजारी दोघांनाही बोलावतो. जुन्या करारातल्या ‘गणना’ पुस्तकात संशयित बायकोला कडू पाणी पाजायचा विधी आहे, तो इथे लावतो. दोषी असेल तर शरीरावर दिसेल.

पैठणची_पोर

म्हणजे तीच गत. नवऱ्याला संशय आणि बाईने सिद्ध करायचं.

ग्रंथकीटक

मध्ये तोंड घालतो. इथे एक फरक आहे आणि तो छोटा नाही. त्या पुस्तकात पाणी आधी योसेफाला पाजतात. तो रानात जाऊन धडधाकट परत येतो. मग मारिया पिते, तीही परत येते. आरोपी दोघं आहेत, कारण योसेफाने ती त्याच्या हवाली असताना गुपचूप लग्नाचा व्यवहार केला असा पुजाऱ्याचा संशय आहे. संशय घेणारा नवरा नाही, धर्मसत्ता आहे. मूळ ‘गणना’तल्या विधीत मात्र फक्त बाईलाच पाजतात, म्हणजे तुमचा मुद्दा तिथे शंभर टक्के लागू.

पैठणची_पोर

हे माहीत नव्हतं. आणि भिंतीवर? तिथे कोण पितंय?

ओलोनाकाठी

भिंतीवर मारिया. पुजारी समोर. पुस्तकात दोघं, चित्रात ती. ताई, तुम्हाला हवा तो निष्कर्ष काढायला हरकत नाही.

जन्माच्या चित्रातही त्याच पुस्तकातली एक गोष्ट आहे. सालोमे नावाची बाई कौमार्यावर विश्वास बसत नाही म्हणून हाताने तपासायला जाते आणि तिचा हात लुळा पडतो, बाळाला उचलून घेतल्यावर बरा होतो. कास्तेलसेप्रिओत ती सुईण मारियाच्या बिछान्याजवळ तो वाळलेला हात पुढे करून बसलीये. बाजूला लॅटिन अक्षरांत ‘एमेआ’ लिहिलंय. ते ग्रीकमधल्या ‘ए माया’चं, म्हणजे ‘सुईण’चं, कानावरून उतरवलेलं रूप आहे असं मानतात. म्हणजे चित्रकार किंवा त्याच्या हातातला नमुना ग्रीक जगातून आलेला.

चुनाभट्टी

जुन्या इमारतींच्या डागडुजीत आयुष्य गेलं, त्यामुळे मला कथेपेक्षा गिलाव्यात जास्त रस. दोन शब्द.

खरा फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर काम. चुनखडी भट्टीत भाजायची, ती कळी पाण्यात विरवायची, मुरवायची, वाळूत कालवून लिंपायची. गिलावा ओला असताना नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन परत चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्या थरात कायमचे अडकतात. डिंक नको, सरस नको. अट एवढीच, की गिलावा वाळायच्या आत हात आवरला पाहिजे. चूक झाली तर तेवढा भाग खरवडून पुन्हा लिंपा.

त्यामुळे लेखात म्हटलेली घाई ही शैली आहेच, पण नुसती शैली नाही. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस एका दिवसात होईल एवढाच तुकडा लिंपायची पद्धत रुळली. पादोव्हाच्या स्क्रोव्हेन्यी चॅपलमध्ये जोत्तोच्या कामाचे असे साडेआठशेच्या आसपास तुकडे मोजले आहेत. त्याआधी सर्रास पद्धत होती ती परांचीच्या एका उंचीवरून हात पोचेल तेवढी अख्खी आडवी पट्टी लिंपून टाकायची. पट्टी मोठी, वेळ तेवढाच. चेहऱ्यावर तासभर घालवायची चैन परवडत नाही. ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडून अशा वेळी काय निघतं ते तुम्ही पाहून आलात.

आणि काही रंग चुन्यावर टिकतच नाहीत. ॲझुराइटसारखे निळे बहुधा गिलावा वाळल्यावर सरसात कालवून वरून लावत. ते आधी गळतात. जुन्या चर्चांतली आकाशं करडी का, याचं उत्तर बरेचदा हेच.

सह्यभटक्या

@चुनाभट्टी, मग अजिंठ्याला फ्रेस्को का म्हणतात? शाळेपासून तेच वाचत आलो.

चुनाभट्टी

सवयीने. अजिंठ्याला कातळावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस, गवताचे तंतू असा मालमसाला. वर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर डिंक-सरसात कालवलेले रंग. म्हणजे उलटा प्रकार. फायदा असा की निवांत बारकावे काढता येतात, पद्मपाणीच्या मुकुटातलं एकेक रत्न पाहा. तोटा असा की रंग भिंतीचा भाग होत नाही, भिंतीवर बसलेला असतो. दमट हवा, वटवाघळं, धूर, सगळ्यांचा थेट मार.

इटलीशी अजिंठ्याचा खरा संबंध वेगळाच आहे. १९२० ते २२ च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सीनी या दोघा इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी आणलं. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीला धरून ठेवला, त्यामुळे बरंच वाचलं. पण वर लाखेचं रोगण चढवलं. तेव्हा ते शास्त्रशुद्ध समजत. ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं आणि आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना ते उतरवत बसावं लागलं. त्यांच्याही आधी नकला काढणाऱ्या इंग्रज साहेबांनी रंग उठून दिसावेत म्हणून वार्निश मारलं होतंच. ओल्या चुन्याची सवय असलेल्या हातांना मातीची भिंत कितपत उमगली असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

खादाडखाऊ

या धाग्यावर येऊन चुन्याबद्दल इतकं वाचेन असं वाटलं नव्हतं. पुढे चालू द्या.

तिरकसराव

सगळं छान, पण सहावं ते दहावं शतक? चारशे वर्षांचा फरक? शिवराज्याभिषेकाला अजून चारशे वर्षं झाली नाहीत. एवढ्या फरकाला ‘विद्वानांत मतभेद’ म्हणायचं आणि आम्ही माना डोलवायच्या. सरळ अंदाजपंचे म्हणा की.

ओलोनाकाठी

तिरकसराव, राग रास्त आहे. पण अंदाज कुणी कशावर बांधला ते बघा, मग ठरवा.

एक टोक पक्कं आहे. चित्रांवर नंतर कुणीतरी टोकदार वस्तूने ओरखडून मजकूर लिहिलाय. त्यात मिलानचा आर्चबिशप आर्देरिकुस याचं नाव आहे. तो ९३६ ते ९४८ या काळात गादीवर होता. म्हणजे ९४८ च्या सुमाराला चित्रं भिंतीवर होतीच. त्यानंतरची असू शकत नाहीत. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना आपण एरवी शिव्या घालतो, इथे सगळ्या इतिहासाची मदार त्या एका बहाद्दरावर आहे.

दुसरं टोक मोकळं, तिथे खेळ.

बोन्येत्तींचं म्हणणं सातवं शतक. लोंबार्द राजे तेव्हा आरियन पंथ (ख्रिस्ताला पूर्ण देव न मानणारा) सोडून कॅथलिक होत होते. ख्रिस्त पूर्ण देव आणि त्याच वेळी खऱ्या देहाने जन्मलेला, हे त्यांच्या गळी उतरवायला पूर्वेकडून आलेल्या धर्मप्रचारकांनी हा विषय मुद्दाम निवडला, असा त्यांचा तर्क. कायद्याचा माणूस, प्रत्येक प्रसंगात पुरावा शोधणार. त्यांचं पुस्तक १९४८ मध्ये दोघा सहकाऱ्यांबरोबर निघालं.

१९५१ मध्ये कुर्ट वाइट्समन या बायझंटाइन कलेच्या अभ्यासकाने ते पार उलटवलं. त्याच्या मते चित्रं ९४८ च्या जेमतेम आधीची. आधार? कॉन्स्टँटिनोपलमध्ये दहाव्या शतकात जुन्या ग्रीक-रोमन शैलीचं पुनरुज्जीवन झालं. तेव्हाची दोन हस्तलिखितं आहेत, व्हॅटिकनमधली यहोशवाची गुंडाळी आणि पॅरिसमधलं स्तोत्रपुस्तक. त्यांतल्या आकृत्या आणि या भिंतीवरच्या आकृत्या फार जवळच्या. इतर काहींनी मधला मार्ग काढला, आठवं-नववं शतक, शार्लमेनच्या घराण्याचा काळ.

नंतर प्रयोगशाळा आल्या. लाकडाचं रेडिओकार्बन, भाजलेल्या मातीचं थर्मोल्युमिनेसन्स (माती शेवटची कधी तापली ते सांगणारी चाचणी). त्यांतून कौल बराचसा नवव्या शतकाकडे झुकला. सातवं शतक आज फारसं कुणी धरून बसत नाही. दहावं धरणारे अजून आहेत.

तिरकसराव

लाकूड जुनं असून नंतर वापरलेलं असू शकतं. विटा तर तुम्हीच म्हणालात जुन्याच लावल्यात.

ओलोनाकाठी

बरोबर. तुळईचं वय म्हणजे झाड तोडल्याचं वय, चित्राचं नव्हे. इमारत उभी राहणं आणि आत रंगकाम होणं यातही वर्षं गेलेली असू शकतात. म्हणून वाद मिटत नाही.

सह्यभटक्या

अजिंठ्यालाही हेच आहे की. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक आयुष्यभर सांगत राहिले की महायान काळातलं जवळपास सगळं काम वाकाटक राजा हरिषेणाच्या आमदानीत, साधारण ४६२ ते ४८० एवढ्यात झालं. बाकीच्यांना हे फारच आखूड वाटतं. तरी आपल्याकडे सोळा नंबरच्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा सविस्तर शिलालेख आहे. त्यामुळे पैसे कोणी दिले यावर भांडण नाही, किती वर्षं लागली यावर आहे. तुमच्याकडे ओरखडा सोडून लेखच नाही, म्हणजे दाताही गायब.

ओलोनाकाठी

अगदी हेच मला म्हणायचं होतं. तारीख सरकली की दाता बदलतो. सातवं म्हणालात तर लोंबार्द दरबार. नववं म्हणालात तर फ्रँक काउंट. दहावं म्हणालात तर इटलीच्या गादीवरून मारामाऱ्या चाललेला गोंधळाचा काळ आणि कॉन्स्टँटिनोपलशी सोयरिकीची बोलणी करणारे राजे. तिन्ही काळांत इथे सत्तेचा माणूस बसलेला होता, त्यामुळे कुठलीच शक्यता बाद होत नाही. माझा कल नवव्याकडे, कारण तेव्हा या ठाण्याचं राजकीय वजन भक्कम होतं. पण यावर पैज लावणार नाही.

नकाशेवाला

वास्तुरचनेबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून. (पेशाने आर्किटेक्ट, इथे दोनदा येऊन गेलोय.)

तीन बाजूंना तीन गाभारे ही मांडणी पूर्व भूमध्य प्रदेशात जुनी आहे, इटलीतही तुरळक दिसते. इथे गंमत अशी की गाभारे मधल्या दालनाला थेट उघडत नाहीत, कमानीतून उघडतात. पूर्वेची कमान त्यातल्या त्यात महत्त्वाची. दालनात उभं राहिलं की त्या कमानीतून गाभाऱ्याचा समोरचा भाग, खिडकी आणि वरचा ख्रिस्त दिसतो. बाजूला वळत जाणाऱ्या भिंती बऱ्याचशा झाकल्या जातात. म्हणजे गोष्ट पूर्ण वाचायची तर आत, वेदीपाशी जावं लागतं. आणि तिथे सामान्य माणूस जात नसे.

याहून पुढची गोष्ट ओलोनाकाठींनी लेखात घेतलीच नाही. कमानीच्या आतल्या अंगाला, म्हणजे दालनाकडे पाठ आणि वेदीकडे तोंड असलेल्या बाजूला, एक रिकामं सिंहासन रंगवलंय. त्यावर क्रूस, मुकुट. दोन्ही बाजूंनी देवदूत झेपावत येतायत, अक्षरशः हवेत. न्यायाच्या दिवशी परत येणाऱ्या ख्रिस्तासाठी मांडून ठेवलेलं आसन असा त्याचा अर्थ. दालनातल्या माणसाला ते कधीच दिसणार नाही. दिसेल ते वेदीपाशी उभं राहून लोकांकडे वळणाऱ्या धर्मगुरूला.

माझ्या मते हे सगळं काम पाच-दहा माणसांसाठी केलेलं आहे. अशिक्षितांना गोष्ट कळावी म्हणून चित्रं, हे जे सरसकट सांगतात ते इथे बसत नाही. ही विधी करणाऱ्यांची खासगी भिंत आहे. त्यामुळेच त्यात पाण्याची परीक्षा, सुईणीचा हात असे आडवाटेचे प्रसंग चालतात. पाहणारा ग्रंथ वाचलेला आहे हे गृहीत आहे.

ग्रंथकीटक

निम्मं पटलं. ते प्रसंग तेव्हा इतके आडवाटेचे नव्हते, पूर्वेकडच्या चर्चमध्ये सर्वांच्या ओळखीचे होते. इटलीतही रावेन्नाच्या आर्चबिशपच्या हस्तिदंती आसनावर पाण्याची परीक्षा कोरलेली आहे, सहाव्या शतकातली. सिंहासनाचा मुद्दा मात्र बिनतोड.

नकाशेवाला

रावेन्नाचं आसनही आर्चबिशपचंच ना? तोही निवडक मंडळींच्या नजरेसमोरचाच प्रकार. मुद्दा माझ्याच बाजूने जातोय.

ग्रंथकीटक

हा हा. दिला.

पैठणची_पोर

म्हणजे मारिया पाणी पितानाचं चित्र बघणारे सगळे पुरुष पुजारी. अजून काही बोलत नाही.

सह्यभटक्या

पुढच्या वर्षी मुलीकडे मिलानला येणं आहे. स्वतःची गाडी नसली तर कसं जायचं? आणि एवढ्या लांब जाऊन आसपास अजून काही?

ओलोनाकाठी

काका, मिलानच्या कादोर्ना स्थानकावरून सारोन्नो मार्गे वारेसेला जाणारी लोकल घ्या, त्रादातेला उतरा, पुढे बस किंवा टॅक्सी. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. मुलीची गाडी असेल तर तीच उत्तम. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा जरूर पाहा, सगळे दिवस उघडं नसतं. आत दिवे मंद आहेत, डोळे सरावेपर्यंत थांबा.

आसपास दोन गोष्टी चुकवू नका. एक, त्याच टेकडीच्या पायथ्याला तोर्बाचा मठ. ठाण्याच्या तटाचा एक बुरूज पुढे जोगिणींनी मठात सामावून घेतला. वरच्या मजल्यावर आठव्या शतकातली चित्रं आहेत, जोगिणींची रांग, त्यातल्या काहींचे चेहरे पुसले गेलेत. मठ पडीक होता, शेतकरी वापरत. १९७७ मध्ये तो ‘फाई’ या इटलीतल्या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आला आणि सावरला. तोर्बा आणि कास्तेलसेप्रिओ मिळून २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, लोंबार्दांच्या सात ठिकाणांपैकी एक म्हणून. (चिविदाले, ब्रेशा, स्पोलेतो, बेनेव्हेन्तो वगैरे बाकीची.)

दुसरं, कास्तील्योने ओलोना. गाडीने अगदी जवळ. कार्डिनल ब्रान्दा कास्तील्योनी याने मासोलिनो या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराकडून तिथलं बाप्तिस्मागृह रंगवून घेतलं, १४३५ साल. तिथे दाता कोण, चित्रकार कोण, वर्ष कोणतं, सगळं ठाऊक आहे. तिरकसरावांना घेऊन जा.

तिरकसराव

येतो. पण आधी कास्तेलसेप्रिओ, मग ते. आणि तो ओरखडा बघायचाय मला, गाढव नंतर.

चुनाभट्टी

ओरखडा बघाल तेव्हा कडा नीट बघा. ओल्या गिलाव्यात रेघ मारली तर कडा गोल, किंचित फुगलेल्या राहतात. वाळलेल्यात मारली तर कडा तुटक, आतला पांढरा चुना उघडा पडतो. नंतरच्या माणसाने लिहिलंय हे त्यावरूनच ठरतं. काळजी एकच, हात लावू नका. तिथला राखणदार ओरडेल आणि बरोबरच ओरडेल.